विषय दोन : हॉलमधली हिंसा

एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, हा खेळ आहे, हे पटवून देणारा एक गंभीर लेख लिहायचं मी केव्हाचं ठरवलं आहे. मुद्देही तयार आहेत. वजनी गट असतात, पंच असतो, डॉक्टर बसलेला असतो, डोळ्यात बोट घालणं बाद असतं. पण पहिला मुद्दा लिहायला घेतला की कोणीतरी काहीतरी बोललेलं आठवतं, त्यावरून दुसरं आठवतं, आणि मुद्दा तिथेच राहतो. टीकाकारांनी माझी एवढी सोय करून ठेवली आहे की मला स्वतःचं डोकं वापरायची गरजच उरलेली नाही.

आधी जागा सांगते. भिलाईच्या एका सेक्टरमध्ये मराठी मंडळाचा हॉल आहे. दहा दिवस गणपती, एखादं हळदीकुंकू, एखादं बारसं, आणि उरलेलं वर्षभर खुर्च्यांवर धूळ. त्या हॉलमध्ये सकाळी मॅट टाकून आम्ही काही मुलंमुली एमएमए शिकतो. शिकवायला खुर्सीपारचे साहू सर येतात. मंडळाचे अध्यक्ष देवतळे काका स्टील प्लांटमधून अधिकारी म्हणून रिटायर झाले आणि हॉलच्या मागेच राहतात. गणपतीच्या आधीच्या बैठकीत हा प्रकार बंद करायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. एवढा मोठा दुसरा हॉल आम्हाला कोणी देणार नव्हतं आणि हिवाळ्यात माझी राज्य स्पर्धा होती. हॉल गेला की माझी स्पर्धाही गेली, इतका साधा हिशेब होता.

*

काकांचं म्हणणं मी आधी नीट ऐकून घेतलं. शेवटी मी शिकलेली मुलगी आहे. एका रविवारी ते नाक्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खात उभे होते, तिथेच गाठलं.

"काका, कुस्ती खेळ आहे का?"

"आहे म्हणजे? आपली परंपरा आहे. मी स्वतः गावच्या आखाड्यात खेळलो आहो."

"बॉक्सिंग?"

"ऑलिंपिकमध्ये आहे ना ते."

"ज्यूडो?"

"जपानी लोक मोठे शिस्तीचे असतात पोरी."

"आणि हे तिन्ही एकत्र केलं तर?"

"गुंडागर्दी."

मी टपरीवाल्याला म्हटलं, "भैया, काकांना पोहे अलग आणि तर्री अलग दो."

"कावून?" काका म्हणाले.

"एकत्र केलं की गुंडागर्दी होते."

काकांनी प्लेट छातीशी धरली. "खायच्या वेळेस वाद नको घालू," म्हणाले.

*

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याखाली निळा डाग होता. वरच्या मजल्यावरच्या काकू वाटीभर दही घेऊन आल्या. आई स्वयंपाकघरात गेलेली पाहून माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबा मारतात काय तुले?"

"नाही हो काकू."

"मले सांग. मी कोणाले नाही सांगत." काकूंचे डोळे भरून आले होते. "असते असं घराघरात. बाईच्या जातीनं थोडं सांभाळून घ्या लागते. बाबा चिडलेले असले की समोर जायचंच नाही."

"काकू, मॅटवर लागलं. सराव करताना."

काकूंचे डोळे एका क्षणात कोरडे झाले. "म्हणजे तू आपल्या मनानं मार खाऊन राहिली?"

"मारूनही राहिले."

"हे मात्र बरं नाही दिसत," काकू म्हणाल्या आणि उठल्या. घरच्याने मारलं असतं, तर सांभाळून घ्यायचे आणखी चार उपाय त्यांनी मला नक्की सांगितले असते. जाताना दह्याची वाटी परत घेऊन गेल्या.

*

माझे बाबा प्लांटमध्ये सेफ्टी डिपार्टमेंटला आहेत. त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, हेल्मेट घातलेली आणि न घातलेली. मी एमएमए सुरू केलं तेव्हा ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्लांटचं पिवळं हेल्मेट आणि लोखंडी टोकांचे बूट आणून दिले.

"बाबा, हे बूट घालून मी कोणाला लाथ मारली तर?"

बाबांनी विचार केला. "बूट राहू दे," म्हणाले.

मग ते स्वतः इन्स्पेक्शनला आले. मॅटच्या कडेला उभे राहून त्यांनी आम्हा सगळ्यांना, प्लांटमध्ये शिफ्ट सुरू व्हायच्या आधी देतात तसं, सुरक्षेवर भाषण दिलं. पहिल्या मजल्यावरून पडल्यास काय करावं, हेही त्यात होतं. आम्ही तळमजल्यावर होतो. साहू सरांनी हात जोडून सगळं ऐकलं.

भाषण संपल्यावर सराव सुरू झाला. एका मुलाचा हात माझ्या पकडीत आला, त्याने माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली आणि मी सोडलं.

"हे काय झालं?" बाबांनी विचारलं.

"टॅप," साहू सर म्हणाले. "सामनेवाला दो बार थपकी दे, तो छोड़ना है. उसी सेकंड. नोनी को पहले दिन यही सिखाया. पहले छोड़ो, बहस बाद में." नोनी म्हणजे छत्तीसगडीत मुलगी, म्हणजे मी.

बाबांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर आमचा पुल कॉर्ड आहे," म्हणाले. प्लांटमध्ये कन्व्हेअर बेल्टच्या बाजूने एक दोर बांधलेला असतो. कोणीही ओढला, अगदी नवीन हेल्परनेसुद्धा, की बेल्ट थांबतो. कोणी ओढला, कावून ओढला, हे नंतर विचारायचं.

त्या दिवसापासून बाबा आमच्या बाजूचे झाले. हेल्मेट मात्र अजून खुंटीवर आहे, माझं मन बदललं तर असावं म्हणून.

*

रायपूरला एक स्पर्धा होती. अंतिम लढत राजनांदगावच्या कुंतीशी झाली. तिने माझा ओठ फोडला, मी तिच्या भुवईवर टेंगूळ आणलं आणि ती जिंकली. परतीच्या दुर्ग लोकलमध्ये आम्ही दोघी शेजारी बसून तिच्या आईने दिलेला एकच डबा खात होतो.

समोर एक आजोबा बसले होते, पांढरं धोतर, मांडीवर पिशवी. बराच वेळ आमच्याकडे पाहून त्यांनी कुंतीला विचारलं, "बेटी, किसने मारा?"

कुंतीने भजं तोंडात घालत माझ्याकडे बोट दाखवलं. "इसने."

आजोबा माझ्याकडे वळले. "और तुमको?"

"इसने," मी म्हटलं.

आजोबांनी डब्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर गेले. त्या बाकावर दोन शिकलेले गृहस्थ खिडकीच्या जागेवरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आजोबा त्यांच्यामध्ये बसले आणि निवांत डोळे मिटले. माणसाला सवयीच्या आवाजात झोप लागते.

*

देवतळे काका हॉल बंद करायला निघाले होते खरे, पण सकाळच्या फिरण्यात त्यांचे पाय बरोबर आमच्या खिडकीशी थांबायचे. खिडकीच्या गजांना धरून ते ही हिंसा रोज पाहायचे. आरंभापासून शेवटपर्यंत. चुकू नये म्हणून कधीकधी आमच्या आधी येऊन उभे राहायचे.

एकदा त्यांना राहवलं नाही. "साहू, वो लड़का जीत रहा था. छोड़ा कायको?"

"सामनेवाले ने टॅप किया, साहब."

"म्हणजे हार मानणं शिकवून राहिला तू पोट्ट्यायले," काका मराठीवर आले. त्यांना राग आला की ते मराठीवर येतात. "आमच्या आखाड्यात हात मोडला तरी माणूस हूं म्हणत नव्हता."

"कोणाचा मोडला होता काका?" मी आतून विचारलं.

"ठवकरचा."

ठवकर काका म्हणजे मंडळाचे सचिव, रेल्वेत गार्ड होते, आता चरोद्याला राहतात. दोघं एकाच गावचे. ठवकर काकांचा उजवा हात कोपरापासून जरा वाकडा आहे, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"कोणी मोडला?"

काका खिडकीचे गज सोडून निघाले. "मीच," म्हणाले. "तवापासून तो माझ्याशी सरळ बोलत नाही. आता मोडला तर मोडला. खेळात होते असं."

*

बैठकीचा दिवस आला. विषय एक, महाप्रसाद. विषय दोन, हॉलमध्ये चालणारी हिंसा. विषय दोनवर आमची बाजू मांडायला मला आणि साहू सरांना बोलावलं होतं. आम्ही मागे दाराजवळ उभे होतो. नियम, पंच, डॉक्टर, सगळं मी पाठ करून आले होते.

विषय एकवर देवतळे काका म्हणाले, या वर्षी महाप्रसादात पनीर करू. प्लांटचे मोठे लोक येतात, बरं दिसते.

ठवकर काका उभे राहिले. "महाप्रसादात वांग्याची भाजी असते."

"दरवर्षी वांगेच कावून?"

"गणपती दरवर्षी कावून?"

लोक हसले. हसायला नको होतं. देवतळे काकांचे कान लाल झाले. "रेल्वेवाल्यायले वांग्याच्या पुढचं काही दिसतच नाही," ते म्हणाले.

"आन् प्लांटवाल्यायले साहेबाच्या पुढचं," ठवकर काका म्हणाले आणि टेबलाला वळसा घालून पुढे आले.

मग काय झालं ते क्रमाने सांगते. देवतळे काकांनी त्यांना छातीवर ढकललं. ठवकर काकांनी वाकड्या हाताने त्यांची कॉलर धरली आणि पिळली. देवतळे काकांनी टेबलावरची आरतीची पितळी घंटा उचलली. मंडळाचे बाकीचे सभासद, म्हणजे आमच्या हिंसेने व्यथित झालेले सगळे, खुर्च्या मागे सरकवून नीट दिसेल असे उभे राहिले.

घंटा वर गेली तशी मी धावले. मागून देवतळे काकांचा घंटेचा हात खांद्यातून धरून अडकवला. घंटा खाली पडली. काकांना हलता येईना. पुढून कॉलर आवळलेली, मागून हात अडकलेला.

"सोड," ते ठवकर काकांना म्हणत होते. "सोड बे. सोड म्हणतो ना." ठवकर काका काही सोडेनात.

आणि मग देवतळे काकांचा मोकळा हात वळला आणि त्यांनी माझ्या दंडावर दोनदा थाप मारली.

मी सोडलं. त्याच क्षणी. दोन्ही हात वर करून मागे सरकले. कॉलर तशीच होती. साहू सरांनी ठवकर काकांची बोटं एकेक करून सोडवली आणि दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं.

देवतळे काकांनी घोटभर पाणी घेतलं. गळा चोळला. मग माझ्याकडे वळले.

"तू कावून सोडलं?"

"तुम्ही टॅप केलं ना काका."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तोच हात ठवकर काकांकडे केला.

"मी याले घसा फाटेपर्यंत सोड म्हटलं. यानं कावून नाही सोडलं?"

ठवकर काका आपलं वाकडं कोपर चोळत होते. मान वर न करताच ते म्हणाले,

"तवा तू सोडला होता काय बे?"

"तू म्हटलंच नव्हतं सोड."

"म्हणता येते," ठवकर काका म्हणाले, "हे कोणं सांगतलं होतं आपल्याले?"

देवतळे काकांनी कॉलर सरळ केली. पडलेली घंटा उचलून टेबलावर जागेवर ठेवली. विषय दोन कोणी वाचलाच नाही.

"ठवकर," काका म्हणाले, "उद्या सकाळी हॉलवर ये. चड्डी घालून ये."