भात चालतो म्हणणारा डॉक्टर

आमच्या घरात डॉक्टर खरा की खोटा हे भातावरून ठरतं.

एकोडीत आमची धानाची शेती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मोबाईलवर येणारे तब्येतीचे व्हिडिओ तपासायचं खातं घरच्यांनी माझ्याकडे दिलेलं. (वर्गात मी पोरांना उठता-बसता पुरावा मागतो!) बाबांना शुगर निघाली आणि साकोलीच्या डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं, तेव्हापासून ते कोणाशी धड बोलेनात. जन्मभर धान पिकवलेला माणूस ताटावर बसून नुसता भाकरीकडे पाहत राहायचा. मला ते बघवेना.

मग मी व्हिडिओ तपासायला बसलो. भात सोडा म्हणणारा पहिला डॉक्टर मला भोंदू वाटला. दुसऱ्याची नजरच ठीक वाटेना. तिसरा पोळी खाणाऱ्या मुलखातला, त्याला काय कळतं! शेवटी एक सापडला. पांढरा कोट, मागे जाडजूड पुस्तकं, आणि म्हणाला, रात्रीचा थंड भात शुगर तेवढी वाढवत नाही. मी तिथेच व्हिडिओ थांबवला. पुरावा मिळाला होता.

"हा मानूस चांगला शिकेल-सवरेल दिसते," बाबा म्हणाले.

आई रोज रात्री मोठा गंज चुलीवर चढवून तो भरून भात शिजवून ठेवू लागली. बाबा तो सकाळी कांद्यासोबत खात, दुपारी खात, आणि थंडच तर आहे म्हणून संध्याकाळीही खात. भातच औषध झाला तर शुगरची गोळी कायले, असं म्हणून त्यांनी गोळीही बंद केली. मला ते पटलंसुद्धा!

शेतात धानाची रोवणी चालू असताना बाबा चक्कर येऊन बांधीतल्या चिखलात पडले. मी त्यांना उचलून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आणलं. बाबा गेले तर, एवढंच डोक्यात होतं.

साकोलीत सलाईन लावल्यावर ते हळूहळू बोलू लागले. आईने डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा मोबाईल मागितला आणि तो व्हिडिओ मी थांबवला होता तिथून पुढे चालवला. पांढरा कोटवाला शांतपणे सांगत होता की भात थंड असला तरी मूठभरच खा, आणि गोळी मनाने कधीच बंद करू नका.

डॉक्टरांनी मोबाईल माझ्या हातात परत ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते बाहेर गेल्यावर बाबांनी खाटेवरून मान वळवली.

"मास्तर, हा बी तसाच निंगाला. दुसरा पाह्य."

मी डोळे पुसले आणि शोधायला लागलो.