समोरच्या दाराची बेल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या द्वारकेला 'नाही' म्हणता येत नाही. इथं आखातात, सालमियातल्या या बिल्डिंगमध्ये आम्ही अकरा वर्षं समोरासमोर राहतो, आणि या अकरा वर्षांत मी तिच्यावर जेवढी चिडले तेवढी स्वतःच्या नवऱ्यावरही चिडले नसेन. कुणाचा भाऊ नोकरी शोधायला आला, ठेव द्वारकेकडे. कुणाची बायको बाळंत झाली, डबा द्वारकेचा. बिल्डिंगचा वॉचमन आपली औषधंसुद्धा तिच्या फ्रिजमध्ये ठेवतो. मी बोलले की ही हसते. "असू दे हो सुरैयाभाभी, माणसं प्रेमानं येतात." ती राजापूरकडची, मी रत्नागिरीची. तेवढ्या जोरावर तिला ओरडायचा हक्क मी घेऊन टाकला आहे.

तिला मूल झालं नाही. तिचा नवरा काशिनाथ मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत सुपरवायझर आहे. दोघांनी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि मग अर्ज, दाखले, शिक्के, कोर्ट, व्हिसा यांत साडेतीन वर्षं गेली. शेवटी एका रविवारी सांगलीकडच्या संस्थेतली पाच वर्षांची प्राची विमानानं इथं आली. तिच्याजवळ एक निळी कापडी पिशवी होती, बस्स.

संस्थेतल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की पहिला महिनाभर घरात तिघांशिवाय कुणी नको. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी जिन्यात खुर्ची टाकून बसले असते.

सोमवार सकाळपासून बेल सुरू झाली. पहिली बेल, खरं सांगायचं तर, माझीच होती. पण माझ्यामागून जो लोंढा आला त्याला काही सुमार? काशिनाथच्या ऑफिसातले, भिशीच्या बायका, ज्यांचं नावही द्वारकेला माहीत नाही असे लोक. प्रत्येकाच्या हातात तोच चॉकलेटचा डबा, प्रत्येकाला गालगुच्चा घ्यायचा, प्रत्येकाला फोटो हवा. आणि ही बाई पोर मांडीवर घ्यायची सोडून स्वयंपाकघरात पोहे परततेय!

पोरगी मात्र विलक्षण शहाणी. बेल वाजली की आत पळे, तोंड धुई, केसांना पाणी लावी, नवा फ्रॉक घाली, सँडल चढवी आणि पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राही. कुणी न सांगता कविता म्हणून दाखवी. "काय शिस्त आहे!" म्हणत लोक पोहे खात. एरवी ती कुणाशी बोलत नसे की एका खेळण्याला हात लावत नसे. द्वारकेला ती 'मावशी' म्हणे. होईल सवय, असं आम्ही म्हणायचो.

आणि निघताना जो तो तेच म्हणे, जे आपण सगळेच लहान पोरांना म्हणतो, "काय गं, येतेस आमच्याकडे? चल!" प्राची मान हलवी आणि खरोखरच पिशवी घेऊन लिफ्टपर्यंत त्यांच्यामागे जाई. हसून हसून लोकांची पुरेवाट व्हायची. मीही तसं म्हटलं होतं. मीही हसले होते.

बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा द्वारका तिची वेणी घालत होती. प्राचीनं मागे न बघताच विचारलं, "मावशी, आज मला कोण नेणार?"

"कुठं नेणार?"

"पाहुणे आले की एकीला नेतात ना. इथं एवढे पाहुणे आले, 'चल' म्हणाले, पण कुणीच नेलं नाही. मी कविता चुकले का?"

द्वारकेचा हात थांबला. ती पोर या घराला दुसरी संस्था समजत होती आणि द्वारकेला तिथली सांभाळणारी बाई. मला माझ्या जिभेचा असा राग आला की काय सांगू. द्वारकेनं तिला जवळ ओढून पाच वेळा सांगितलं की मी तुझी आई आहे. प्राचीनं पाचही वेळा शहाण्यासारखी मान हलवली. तेवढ्यात बेल वाजली आणि ती सँडल शोधायला पळाली.

"आता कुणाला आत घेतलंस तर बघ!" मी म्हटलं. पण शुक्रवारी संध्याकाळी मराठी मंडळाचा सेक्रेटरी मुकेश तिच्या घरी सत्कार ठेवून बसला होता. तीस माणसं, शाल, नारळ, केक.

"फोन कर आणि रद्द कर," मी म्हटलं.

"कसं सांगू हो भाभी? त्यांनी केकची ऑर्डर दिलीय."

"माझ्या डोक्यावर काप तो केक!" मी ओरडले. काशिनाथ म्हणाला, मी सांगतो. तर ही म्हणे, नको, मीच सांगते. शुक्रवार उजाडला तरी हिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पाच वाजता मी सांदणांची थाळी घेऊन बाहेर आले. मी तिथं असले तर निदान दहा मिनिटांत सगळ्यांना हाकलता आलं असतं. लिफ्टमधून मुकेश आणि पहिली सात-आठ माणसं उतरली. त्यानं बेल दाबली. आत सँडल वाजले.

दार साखळीपुरतं उघडलं. "मुकेशभाऊ, आज नाही," द्वारका म्हणाली.

"वहिनी, दोनच मिनिटं, एक फोटो..."

"नाही. महिनाभर कुणीच नाही." तिचा आवाज कापत होता, पण ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला! "ऐकलंत ना? चला," म्हणत मी सगळ्यांना केकसकट लिफ्टमध्ये कोंबलं. मग थाळी घेऊन पुढे झाले. "शाब्बास माझी बाई! उघड आता, सांदणं गरम आहेत."

"भाभी, तुम्हीसुद्धा नाही," ती म्हणाली आणि दार लागलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझं तोंड तापलं. मी? मीसुद्धा? दारावर थाप मारायला मी हात उचललाच होता.

"त्यापण गेल्या?" आतून प्राचीचा आवाज आला.

"गेल्या."

"मला न नेता?"

"तुला कुणीच नेणार नाही. आता तू इथंच राहायचंस. माझ्याकडे."



"मग सँडल काढू?"

मी थाळी दाराशी ठेवली आणि बेल न वाजवता घरी आले.