अण्णांचा मजकूर

आम्ही त्याचं नाव घेत नसू. 'आपला' म्हणायचो. आपल्याचा आवाज आज जरा बसल्यासारखा वाटतो. आपला चौथ्या गाण्यात मध्येच हसतो, नीट ऐक. कॅसेट तीच असायची, तरी दर रविवारी तो आम्हाला थोडा निराळा ऐकू यायचा, जणू आठवडाभर तोही कुठे कुठे फिरून आला होता. परदेशातल्या कुठल्याशा लहान गावचा गायक. गाणी स्वतः लिहायचा, गिटार घेऊन स्वतःच गायचा. तीन अल्बम काढले आणि गप्प झाला. मुलाखती नाहीत, कार्यक्रम नाहीत. कॅसेटच्या कव्हरवरच्या फोटोतही तो पाठमोरा बसलेला होता. जगात त्याला मानणारे किती होते, कोण जाणे. नाशिकमध्ये आम्ही चौघं होतो.

मी नववीत होते. कॉलेज रोडच्या एका आतल्या गल्लीत कॅसेटी भरून देणारं दुकान होतं. गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. मी यादी द्यायला गेले तेव्हा दुकानवाले काका तेच गाणं मागे नेऊन नेऊन ऐकत होते. माझ्या गळ्यातला शाळेचा टाय बघून म्हणाले, "इंग्लिश मिडियम ना तू? मग सांग बरं, हा इथे काय म्हणतो?"

मी खाली बघत सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं.

"परत सांग. जरा मोठ्यानं."

वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. घरी मराठी बोलायचं आणि शाळेत इंग्रजी लिहायचं, या दोन भाषा माझ्यात शेजारच्या बिऱ्हाडांसारख्या राहायच्या. एकमेकींकडे येणंजाणं नव्हतं. त्या दुकानात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यामधलं दार उघडायला सांगितलं, आणि मी काय बोलते याची वाट बघत थांबलं.

मग मी दर रविवारी सकाळी इंदिरानगरहून सायकलनं जाऊ लागले. काका शटर अर्धं खाली ओढायचे. चपला बाहेर. रुमालात गुंडाळलेली मूळ कॅसेट निघायची. तिच्यावरून भरलेल्या प्रती विकत मिळायच्या, पण मूळ कॅसेट दुकानाबाहेर जात नसे. एक बाजू वाजत असताना कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. बाजू संपली की काका ती उलटून ठेवायचे आणि लगेच लावायचे नाहीत. ती दहा मिनिटं माझी. पुढच्या बाजूच्या गाण्यांचा अर्थ मी तेवढ्यात सांगायचा. शटरखालून येणारं ऊन आमच्या पायांपर्यंत पोचलेलं असायचं, आणि सांगताना मी त्या उन्हाकडेच बघायचे.

तिसरा होता गिटारवाला दादा, इंजिनिअरिंगला. तो मला 'ए कॉन्व्हेंट' म्हणायचा. "ए कॉन्व्हेंट, हे तू सांगतेस ते गाण्यात आहे की तुझ्या मनचं?" चौथे अण्णा. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा. पंचवटीच्या फूलबाजारात माल उतरवून ते थेट दुकानात यायचे, शर्टाला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. वय पस्तिशीचं. इंग्रजी अजिबात येत नव्हतं, तरी तिन्ही अल्बम पाठ. शब्द नव्हे, शब्दांचे आवाज. मी अर्थ सांगितला की ते मान डोलवायचे, "असं हाय व्हय," म्हणायचे, आणि दुसऱ्याच कुणाबद्दल काही ऐकल्यासारखे पुन्हा डोळे मिटून बसायचे.

एकदा ते उरलेली फुलं घेऊन आले, तर दादानं त्यातला एक हार त्या पाठमोऱ्या फोटोला घातला. अण्णा ताडकन उठले.

"जित्या माणसाला हार घालतो का रे? उतरव! उतरव आधी!"

"अहो अण्णा, मान दिला."

"मान दिला म्हणे. तुझ्या फोटोला घालू का?"

ती फुलं मग मशीनवर ठेवली गेली आणि दिवसभर तिथेच राहिली. काकांना ती काढवेनात.

पुढच्या वर्षी दादानं कुठूनसं एक परदेशी मासिक आणलं. त्यात चार ओळींची बातमी होती: तो आता गात नाही, कुणाला भेटत नाही, गाणी लिहिणं सोडलंय. त्या रविवारी बाजू उलटल्यावर कुणी मला अर्थ विचारला नाही. काका म्हणाले, "आपण लिहू या का त्याला?" कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात एका टपालपेटीचा पत्ता होता. पत्र कोण लिहिणार, हा प्रश्नच नव्हता. प्रत्येकानं आपला मजकूर मला मराठीत सांगायचा आणि मी एकच इंग्रजी पत्र करायचं, असं ठरलं.

काकांनी सांगितलं, चौथा अल्बम काढा, आम्ही थांबलोय. दादाला गिटारच्या तारा कशा लावता ते विचारायचं होतं. अण्णा म्हणाले, "माझं इथं नको. चल ताई, भाइर." आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. त्यांच्या हातात सुतळीचा तुकडा होता, तो ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"त्याला लिव, माझा धाकटा भाऊ होता." त्यांनी नाव सांगितलं. "नाव लिव त्याचं. कॉलेजात होता. तापाचं निमित्त झालं अन् आठ दिवसांत गेला. त्याच्या टेपमधी तुझी कॅसेट तशीच ऱ्हायली होती. मी घरात कुणाशी बोलतच नव्हतो. सहा महिने. अन् एक दिवस टेपचं बटण दाबलं. गाणं सुरू व्हायच्या आधी तू श्वास घेतला. मला वाटलं, खोलीत कोणीतरी हाय."

त्यांनी सुतळी बोटावर घट्ट ओढली. मी वहीत पेन्सिलीनं लिहीत होते.

"मग मी आईला हाक मारली. म्हणलं, ये, बस इथं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. एवढं लिव. अन् इकडं कधी आला तर मळ्यावर ये म्हणावं. आई भाकरी करून घालील. लाजू नको."

घरी माझ्या टेबलाशी बसून मी पत्र लिहायला घेतलं. शाळेत पत्राचा साचा शिकवला होता: उजवीकडे पत्ता, मग तारीख, तीन परिच्छेद, शेवटी नम्र निरोप. काकांचा मजकूर त्यात बसला, दादाचाही. अण्णांचा बसेना. 'तुम्ही श्वास घेतला' हे वाक्य मी इंग्रजीत लिहिलं आणि खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. ते वाचून हसणारा एक गोरा माणूस मला दिसत होता, आणि त्याच्या मागे लाल पेन घेतलेल्या आमच्या इंग्रजीच्या मिस. भाकरी त्याला कशी सांगायची? आणि भाऊ गेल्याचं असं अनोळखी माणसाला कुणी लिहितं का? आमच्या घरात तर असलं काही एकमेकांनाही सांगत नसत. मी एक वाक्य केलं: फुलं पिकवणाऱ्या आमच्या एका मित्राला तुमच्या गाण्यांतून फार सोलेस मिळतं. सोलेस, म्हणजे दिलासा, हा शब्द त्याच आठवड्यात शिकवला होता. तो कुठेतरी वापरायला मिळाला, याचा मला आनंदच झाला. हे लिहिताना अजून लाज वाटते.

रविवारी मी उभी राहून पत्र वाचलं. काका हात बांधून ऐकत होते. दादा म्हणाला, "वा कॉन्व्हेंट, वा!" अण्णांचे डोळे मिटलेले होते. संपल्यावर त्यांनी ते उघडले.

"माझं आलं ना, ताई?"

"आलं," मी म्हणाले.

बस, एवढंच. त्यांनी मान डोलावली, आणि काकांनी पाकिटाला डिंक लावला.

उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सहासात महिन्यांनी आलं. छापील कार्ड, खाली शाईची सही आणि हातानं लिहिलेली एक ओळ: छान पत्राबद्दल आभार. काकांनी मला घरी फोन करून आधीच कळवलं होतं, रविवारी त्यांनी पेढे आणले. कार्ड या हातातून त्या हातात फिरत होतं आणि मी मनात एक वाक्य घोळवत होते. अण्णा विचारतील, माझ्याबद्दल काय म्हणतो? मग मी सांगणार होते की तुमच्या भावाचं वाचून त्याला वाईट वाटलं. येताना सायकलवर ते मी दहा वेळा म्हणून बघितलं होतं.

अण्णांनी विचारलं नाही. सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अक्षर बरं हाय त्याचं."

मी सुटले. पण त्या दिवशी पुढच्या बाजूचा अर्थ सांगताना माझी वाक्यं मध्येच विरून जात होती.

नंतर अकरावी आली, बारावी आली. दादा नोकरीला बंगळूरला गेला. सीड्या आल्या, आणि काकांनी दुकान मोबाइलवाल्याला दिलं. मी पुण्याला शिकले, तिथेच नोकरीला लागले. रविवार इतर वारांसारखे झाले. गाणी मात्र राहिली. रात्र असो, दुपार असो, ती लावली की शटरखालचं ऊन हळूहळू पायांकडे सरकू लागायचं आणि मी कुठे आहे हे क्षणभर कळायचं नाही. फक्त त्या एका गाण्याच्या सुरुवातीला मी आवाज कमी करायचे. श्वास संपला की वाढवायचे.

तो गेल्याचं मला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कळलं. त्याच्या चाहत्यांनी चालवलेलं एक पान होतं. त्याच्यावर कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहीत होते, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातही नाव कुणी फारसं घेत नव्हतं. त्याच्या म्हाताऱ्या आईला कुणाला पत्र लिहायचं असेल तर, म्हणून तिचा पत्ता दिला होता. त्याच्या गावातल्या एकानं लिहिलं होतं की ज्या पत्रांना काय उत्तर द्यावं हे त्याला सुचायचं नाही, ती तो स्वतःजवळ ठेवायचा. बाकीच्यांना कार्ड जायचं.

मी ते दोनदा वाचलं. शनिवारी सकाळची एसटी धरून नाशिकला आले आणि घरी बॅग टाकून मखमलाबादला गेले. मळा सापडायला वेळ लागला. आजूबाजूला बंगले उठले होते. अण्णा शेवंतीच्या वाफ्यात होते, कानांवरचे केस पांढरे. झाडाखाली त्यांची आई पाय पसरून फुलं पाटीत निवडत होती. मी कोण ते सांगावं लागलं नाही.

"ताई! केवढी झाली!"

तो गेला, हे मी आधी सांगितलं. अण्णा वाफ्याच्या कडेला बसले. हातातली ओली माती ते बोटांनी मोकळी करू लागले. मग मी दुसरं सांगितलं. पत्रात तुमचं नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना कळलं नाही मी काय म्हणते.

"अगं, माझ्या भावाचं नाव इंग्रजीत काय बदलतंय का? तू वाचत होती तवा मी तेवढंच धरून बसलो होतो. आत्ता येईल, आत्ता येईल. पत्र सरलं. नाय आलं."

"मग बोलला का नाही?"

"विचारलं की तुला. तू म्हणाली आलं." ते हसले, पण हसणं टिकलं नाही. "सगळ्यांच्या म्होरं उभी होती तू. कसं म्हणायचं? अन् कार्ड आलं तवाबी लय वाईट वाटलं. मग वाटलं, जाऊ दे, पोर हाय."

त्यांना लय वाईट वाटलं होतं. आणि त्या पत्रानंतरची दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्यासमोर बसून अर्थ सांगत होते.

मी बॅगेतून कागद काढला. म्हटलं, त्याच्या आईचा पत्ता आहे. तुम्ही तेव्हा सांगितलेलं सगळं मला आठवतंय. जसंच्या तसं लिहिते, तिला पाठवू.

अण्णांनी मान हलवली. "ते त्याच्यासाठी होतं, ताई. आता त्याच्या घरात माणूस गेलंय. तिथं जाऊन माझं कशाला सांगायचं?" मग झाडाकडे बघून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "आये! तो गाणारा गेला. आपल्या टेपमधला. त्याची आई हाय मागं. ही ताई तिला चिठ्ठी लिवती. काय सांगायचं?"

आजींनी निवडायचं थांबवलं. मला हातानं जवळ बोलावलं, पाटी सरकवून जागा करून दिली.

"एकुलता का गं?"

"हो आजी."

"हं." त्यांनी हातातलं फूल पाटीत टाकलं. "लिव. बाई, कोणी काय बोलंल तिकडं कान देऊ नको. देवाची मर्जी म्हणतील. त्यांना म्हणू दे. त्याचे कपडे लगेच कोणाला देऊ नको. मी दिले घाईनं, मग लय शोधले. लिवलं?"

मी इंग्रजीत लिहीत होते. कपडे, घाई, शोधले. साधे शब्द होते, एकाच्याही जागी दुसरा शोधावा लागला नाही.

"सकाळचं काय खात्यात तिकडं?"

"पाव खातात, आजी."

"मग पाव तर पाव. चहात बुडवून खा म्हणावं. कोरडा उतरत नाय तवा."

"आणखी?"

"थांब जरा, आठवू दे," असं म्हणून त्यांनी पाटीतलं एक फूल उचललं, देठ खुडला, आणि आठवत बसल्या. मी पेन धरून थांबले.