टिपणिसांची रिकामी जागा

फोटो काढण्याआधी टिपणीस दारातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा डावा हात हलवायचे. हाकलायची असत ती माणसं. घणसोली गावात आमच्या वरच्या खोलीत ते भाड्याने आले, त्याच दिवशी त्यांनी माझ्या आईला तिच्याच उंबऱ्यावरून उठवलं. त्यांना आमचं दार आणि मागचा टॉवर एकत्र हवा होता.

"फ्रेममध्ये माणूस आला की जागा बोलायची थांबते," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शहरातल्या दुर्लक्षित जागा टिपायचं त्यांनी व्रत घेतलं होतं म्हणे. व्रताला साजेसा खादीचा कुर्ताही होता.

आई चार-पाच बायकांबरोबर उड्डाणपुलाखाली मासळी विकायची. टिपणीस तिथेही पोचले. "मावशी, टोपल्या जरा खांबामागे घ्या ना. प्रकाश काय सुंदर पडलाय." बायका भोळ्या. त्यांनी टोपल्या हलवल्या, छत्र्या मिटल्या, वर जमीनही धुऊन दिली. फोटोत आपली जागा चांगली दिसावी, एवढाच त्यांचा विचार.

वाशीच्या प्रदर्शनात तो फोटो भिंतभर लागला. आईने खांब ओळखला. "आमी कुठं हाव यात?"

"तुम्ही आहात, मावशी. नसण्यातून आहात." असलं बोलायला आधी लाज सोडावी लागते.

पाहुणे म्हणून आलेल्या महापालिकेच्या एका साहेबांनी विचारलं, "एवढी जागा रिकामी पडून आहे?"

"कुणी ढुंकूनही बघत नाही," टिपणीस मान डोलावत म्हणाले.

दिवाळीच्या आधी तिथे जाळी आली आणि आत गाड्या लागू लागल्या. बायका जागा परत मागायला महापालिकेत गेल्या, तर त्या तिथे बसत होत्या याचा पुरावा त्याच साहेबांना हवा होता. त्यांच्या हातात टिपणिसांचा फोटो होता. आई वर खोलीत गेली. "तुमी पायलंय आमाला. आमचा एक तरी फोटो असंल ना?"

"मी माणसांचे फोटो काढत नाही, मावशी." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. निदान साहेबांना तोंडी सांगा, असं मी म्हटलं. "कलावंताने यात पडू नये," म्हणाले. इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांनी खोली सोडली तोवर रस्त्याकडेला उन्हात बसून आई पार काळवंडली होती. टेम्पोत सामान चढवून ते दारात आले आणि कॅमेरा काढला. "मावशी, उंबऱ्यावर बसा. आठवण म्हणून तुमचा एक फोटो."

आईने टोपली डोक्यावर घेतली.

"तवा पायजे व्हता," ती म्हणाली, आणि डावा हात हलवून तिने त्यांना वाटेतून बाजूला केलं.