बिनखिळ्याची कात्री

कुणाच्याही घरी गेलो की माणसांची विचारपूस राहते बाजूला, आमचे हे आधी दार हलवून बघतात. दार कुरकुरलं की झालंच! खिशातून तेलाची इवलीशी कुपी निघते आणि बिजागरीत एक थेंब पडतो. मग खिडकी, मग कपाट, मग त्यांच्या पोरांची सायकल. चहा गार होतो, मी डोळे वटारते, पण ह्यांचं आपलं चालूच. गल्लीतली पोरं ह्यांना 'थेंबकाका' म्हणतात आणि ह्यांना त्याचंच कोण कौतुक!

ह्यांचा धंदा धार लावायचा. बाजाराच्या तोंडाशी चिमुकलं दुकान, त्यात धारेचं चाक, कोपऱ्यात छोटी भट्टी आणि एकच स्टूल. गिऱ्हाईक बसलं की हे उभे. मी शिवणकाम करते. आमची ओळखच मुळी कात्रीमुळे झाली. माझ्या कात्रीला धार लावून दिली आणि म्हणाले, "खिळा जरा सैल वाटतोय. उद्या परत आणा." दुसऱ्या दिवशी नेली, तर म्हणाले, "अजून नीट बसला नाही." खिळा चांगला घट्ट होता हो! मला काय कळत नव्हतं? पण मीही नेत राहिले.

लग्न झालं तरी ते काही सुटलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करून आले की हात धुवायचे, माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसायचं आणि कात्री मागायची. सांध्यात अडकलेला सुताचा भुगा टाचणीने काढायचा, खिळा ठोकायचा, थेंब घालायचा, फडक्याने पुसायची. तेवढा वेळ आमच्या गप्पा. लेकीची शाळा, तिची नोकरी, छपराची डागडुजी, सगळं त्या कात्रीभोवती बसून ठरलं.

मागच्या वर्षी माझा अंगठा बिघडला. कात्री मिटताना काही नाही, उघडताना मात्र मुळाशी अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्याची झीज आहे. कापायचं सोडा, नुसतं शिवा." नुसतं शिवा म्हणे! शिवणारे ढिगाने मिळतात. कपडा अंगावर कसा बसणार ते कापतानाच ठरतं, आणि लोक माझ्याकडे येतात ते त्यासाठी. तेच गेलं तर माझ्याकडे उरलं काय? मला खरंच धास्ती बसली. लेकीने विजेवरची कात्री पाठवली. सरळ रेघेवर छान पळायची, गोलाई आली की भरकटायची. एका बाईंच्या झग्याचा गळा पार खांद्यापर्यंत नेऊन ठेवला तिने.

मग हे माझ्या जुन्या कात्रीच्या मागे लागले. खिळा सैल केला, तर पाती फाकून कापड चावायला लागली. घट्ट केला, तर उघडताना मी किंचाळले. तेल इतकं घातलं की एकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर डाग पडला.

"अहो, बास करा तुमचा तो थेंब!" मी कडाडले. बिचाऱ्यांनी कुपी खिशात घातली.

एका सकाळी पातेलं उतरवायला सांडशी घेतली, तर ती मला उघडवेना. तिलाही मेला खिळाच की! चिडून आपटली आणि चिमट्याने नुसतं झाकण ओढलं. दुखलं नाही. मी चिमटा दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. आपला आपण उघडत होता.

"अहो, इकडे या. ह्या चिमट्याला खिळा कुठाय?"

"त्याला कशाला खिळा? एकच पट्टी आहे, वाकवलेली."

"मग मला अशी कात्री करून द्या."

हे हसले. "अगं, खिळ्याशिवाय पाती एकत्र राहतील कशी?"

"चिमटा कसा राहिलाय?"

ह्यांचं हसू थांबलं. चिमटा घेऊन दुकानात गेले ते जेवायलाही आले नाहीत.

जुन्या ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी मिळवली, तापवून ठोकून पातळ केली. दोन्ही टोकांना पाती, मधे वाक. पहिली कात्री फार कडक झाली, दाबताच ताडकन मोडली. पुढची मऊ राहिली, एकदा मिटली ती मिटलीच. मग एक बरी जमली, पण माझ्या हातात उघडेना. निरखून बघते तर वाकाजवळ बारीकसा खिळा!

"हे काय?"

"नाही, म्हटलं आधाराला असू द्यावा. अगदीच बिनखिळ्याची बरी नाही दिसत."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, त्या खिळ्याच्या जाचातून तर सुटायचंय मला!"

शेवटी ह्यांनी वाक रुंद ठेवला आणि पातळ केला. रुंद असल्याने पाती आडवी सरकत नाहीत, पातळ असल्याने बोटांना जड जात नाही. "पोलाद थोडंच वाकू दिलं ना, तर ते दमत नाही. कितीदा दाब, परत जागेवर येतं," असं मला समजावताना चेहरा असा खुलला होता! ह्या कात्रीचं तोंड फार मोठं उघडत नाही, जाड कोटाचं कापड तिला झेपत नाही. नाही तर नाही. कोट शिवायला दुसरे आहेत.

त्या बाईंच्या झग्यासाठी नवीन कापड आणून ठेवलंच होतं. ते पसरलं, खडूने गळा आखला. हे समोर श्वास रोखून उभे. मी दाबलं, सोडलं, कात्री उघडली. दाबलं, सोडलं. अंगठ्याने नुसतं धरायचं, उघडायचं काम तिचं. सगळी गोलाई न अडखळता कापून झाली आणि कळ आलीच नाही. "मी अजून कापतेय हो!" असं म्हणाले आणि रडूच आलं मला.

त्या संध्याकाळी हे हात धुवून मशीनशेजारी बसले आणि कात्री मागितली. उलटसुलट करून पाहिली. सांधाच नाही, तर भुगा अडकणार कुठे? खिळा नाही, तर ठोकणार काय? पाती पुसली, ते लगेच झालं. कुपीचं झाकण उघडून तशीच हातात धरून बसले.

"हिला काही लागतच नाही गं," म्हणाले आणि कसनुसं हसले. मला गलबलून आलं. इतकी वर्षं हे रोज माझ्याजवळ येऊन बसले ते काय कात्रीसाठी? दोघांनाही ठाऊक होतं, तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं एवढंच.

"तिला नसेल लागत," मी म्हटलं आणि अंगठा पुढे केला. "हा सांधा कुरकुरतोय. बघा जरा."

"मशीनचं तेल आहे हे."

"मग स्वयंपाकघरातलं आणा की! सगळं मीच सांगायचं का?"

वाटीत तेल घेऊन आले. अंगठ्याच्या मुळाशी थेंब सोडला आणि हलक्या हाताने चोळत बसले. लेकीच्या नव्या घराचं बोलणं निघालं, मग दुकानाच्या शटरचं. शेवटी फडक्याने माझा हात पुसला, अंगठा हळूच हलवून बघितला आणि लग्नाआधीच्याच त्या गंभीर आवाजात म्हणाले, "अजून नीट बसला नाही. उद्या परत आणा."