चॉकलेट न खाता झालेली चॉकलेट सिस्ट

"लेफ्ट ओव्हरी में चॉकलेट सिस्ट है," सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट त्यांच्या हातात आला. मी चॉकलेट खात नाही. लहानपणी मिळालं नाही, मोठेपणी आवडलं नाही.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच अस्तर बाहेर, भलत्या जागी वाढतं. पाळीच्या वेळी तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. बीजकोशात ते साचत गेलं की गाठ होते. जुनं रक्त काळपट तपकिरी दिसतं, म्हणून गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. माझी ५.२ सेंटिमीटरची होती. घरी येऊन पट्टीवर मोजून बघितलं. मोठ्या लिंबाएवढी.

तेव्हा माझं वय त्रेचाळीस. पाळीत पोट दुखायचं ते शाळेपासून. आई म्हणायची, सगळ्यांचंच दुखतं. पुढे मीही तेच म्हणायला लागले. ज्या बायकांना हे नाव नुकतंच कळलं असेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत काय झालं तेवढंच सांगू शकते.

आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. सासरे रेल्वेत होते म्हणून रायपूरला आलो आणि इथलेच झालो. हे सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये, शिफ्टची ड्यूटी. मुलगी प्राजक्ता पुण्याला नोकरीत. म्हणजे घरात बहुतेक वेळ मी एकटीच.

यांना सांगितलं, "पोटात गाठ निघाली. बायकांचा आजार आहे."

"कॅन्सर तर नाही ना?"

"नाही."

"मग गोळ्या घे टाइमावर," असं म्हणून हे बूट घालून निघाले. वाईट माणूस नाही. पण या विषयावर बोलायला आमच्या घरात शब्दच नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळीला आम्ही दोघं 'तब्येत' म्हणत होतो. "तुझी तब्येत आहे का?" एवढंच.

मोठ्या नणंदेचा नागपूरहून फोन आला. "काहून वो सुनंदा, चॉकलेट सिस्ट? लपून लपून खाऊन राहिली होती का?" आणि खो खो हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पाय बाई, नाव असंच नाही पडत. गोड बंद कर."

प्राजक्ताशी मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. ती म्हणाली, "मम्मी, ये सब इन्फ्लेमेशन का चक्कर है. दूध, गेहूं, शक्कर, सब छोड़ दो. मैंने देखा है ना, लोग ठीक हो गए." इन्फ्लेमेशन म्हणजे शरीरातली सूज, आतला दाह. या आजारात तो असतो, हे खरं आहे. तिनं मोबाइलवर देखील बरंच काही पाठवलं.

मला मोजून-मापून काम करायची सवय. आधी साखर बंद केली, मग दूध, मग गहू, मग मटण. मग कुठेतरी वाचून टमाटे, वांगी, आलू. डाळीनं पोट फुगतं असं वाटलं, तीही सोडली. उरलं ते काट्यावर तोलून खायची. त्याच दिवसांत मॅडमनी दिलेली डायनोजेस्ट ही गोळीही रोज चालू होती. ती हार्मोनची गोळी. तिच्यानं पाळी थांबते आणि भलत्या जागचं अस्तर दबून राहतं.

दुखणं कमी झालं. पण गोळीनं मधूनमधून डाग दिसायचे, मन सारखं खाली जायचं, दुपारी विनाकारण रडू यायचं. मला वाटलं, फरक जेवणानं पडला आहे, मग ही गोळी कशाला? मी ती बंद केली. कुणाला विचारलं नाही. दोन गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आला हे सांगता येत नाही, इतकी साधी गोष्ट. किराण्याच्या बिलात दोन रुपयांचा फरक मला लगेच दिसतो. हा दिसला नाही.

घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. एक यांचा, एक माझा. हळूहळू हे प्लांटच्या कॅन्टीनमध्येच जेवून यायला लागले. म्हणायचे, "माह्यासाठी काहून त्रास घेते? तू आपलं जेवण पाय." लग्नाला गेले तर पर्समध्ये माझा डबा. बायका मागे सरकून जागा करून द्यायच्या, जसं काही मला लागण झाली होती. वजन ५८ वरून ४९ वर आलं. लोक म्हणाले, किती छान बारीक झाल्या. मलाही बरं वाटलं.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटत होते. मी हात मागे घेतला. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गयाबाई वाढत होत्या. सत्तरीच्या, तोंडाच्या फटकळ.

"काहून वं? खीर नाही घेत?"

"मला दूध चालत नाही, आजी."

"अवं पोट्टी, खीर खाऊनच तर तथागताचा उपास सुटला. तू त्यायच्याहून मोठी झाली का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि चप्पल घालून घरी आले. खीर घेतली नाही.

गोळी बंद केल्यावर पाळी परत आली, आणि अंगावरून आधीपेक्षा जास्त जायला लागलं. जिना चढताना धाप लागायची. म्हणून दाखवायला गेले. एकटीच गेले, नेहमी एकटीच जात असे. पुन्हा सोनोग्राफी झाली. या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरनी मशीन पोटावरून कमरेच्या बाजूला नेलं आणि तिथेच बराच वेळ ठेवलं.

मॅडमनी रिपोर्ट वाचून विचारलं, "गोली चल रही है ना?"

"नहीं."

त्यांनी पुन्हा कागद ओढून चित्र काढलं. मग सांगितलं. किडनीतून लघवी खाली आणणारी जी नळी असते, युरेटर, तिच्याभोवती हा आजार पोचला होता. नळी दबली, लघवी अडली आणि डाव्या किडनीला सूज आली. किडनी दुखली नव्हती. "दुखती नहीं है, यही दिक्कत है. चुपचाप खराब हो जाती है." ऑपरेशन लवकर हवं होतं. पण रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. काय खाता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सोडलेलं सगळं सांगितलं. "इतने खून में बेहोशीवाले डॉक्टर नहीं लेंगे. दाल किसने बंद करवाई आपकी?"

"किसीने नहीं."

"देखिए, खाने से सूजन थोड़ी कम हो सकती है. किसी किसी को आराम मिलता है. पर गांठ खाने से नहीं घुलती. और बिना खून के मैं आपकी किडनी कैसे बचाऊं?"

बाहेर वेटिंगमध्ये येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मला फोन करावासा वाटला, पण कुणाला काय सांगायचं, हे सुचेना.

हे ड्यूटीवरून आले तेव्हा रिपोर्ट समोर ठेवला.

"किडनी? काहून नाही सांगितलं तू मले?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, गोळ्या घे."

यांनी रिपोर्टची पानं उलटून बघितली. मग म्हणाले, "गोळ्या घेतल्या काय मग?"

"नाही."

"दोघंही हुशारच आपण," हे म्हणाले आणि चहा मांडायला स्वयंपाकघरात गेले.

पुढचे आठवडे रक्त वाढवण्याचे होते. दवाखान्यात सलाइनमधून लोहाचं औषध. घरी डाळ, अंडी, लाल भाजी म्हणजे लाल माठ, चना. जो घास मी महिनोन्‌महिने तोलून टाळला, तो आता औषधासारखा खायचा होता. भूक मेली होती, दोन घासांत पोट भरायचं. तिकडे किडनीवर रोज ताण होता, आणि इथे मी रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होते. ९.१ झालं. मग १०.२. मग तारीख मिळाली.

ऑपरेशन लॅप्रोस्कोपीनं झालं, म्हणजे पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून. गाठ काढली, नळी मोकळी केली आणि तिच्यात आधाराला स्टेंट ठेवला. स्टेंट म्हणजे बारीक, मऊ नळी. तो पुढे काढतात. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना बसू देत नसत. हे खाली पायऱ्यांवर बसायचे आणि आयाच्या हाती निरोप पाठवायचे, "भैया पूछ रहे हैं, दाल खाई क्या."

आता डायनोजेस्ट परत सुरू आहे. रडू येतं हे या वेळी मॅडमना सांगितलं, त्यांनी त्यावरही उपाय बघितला. एकेक पदार्थ परत खाऊन पाहिला, एका वेळी एकच. दुधाच्या चहानं मला काही होत नाही. गव्हानंही नाही. साखर आणि तळलेलं कमी ठेवलं आहे, त्यानं मला हलकं वाटतं. तुमचं वेगळं असू शकतं. पण काही सोडायचं तर डॉक्टरांना सांगून सोडा, आणि गोळी मनानं बंद करू नका. दुखणं कमी झालं म्हणजे आजार थांबला, असं नसतं. आणि डबा घेऊन कोपऱ्यात बसायची वेळ आलीच, तर कुणाला तरी सोबत बसवा.

स्टेंट निघाल्यावर शेवटची सोनोग्राफी झाली. या वेळी हे सुट्टी टाकून आले. वेटिंगमध्ये सगळ्या बायकाच, त्यामुळे मान खाली घालून बसले होते. आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "किडनी की सूजन उतर गई. बच गई."

मी उठणार, तेवढ्यात हे बोलले. "मॅडम, वो... पाळी में इसको फिर दर्द होगा क्या?"

"किसमें?"

यांनी माझ्याकडे बघितलं. दिवसभर प्लांटमध्ये यांची हिंदीच चालते. पण या गोष्टीचा हिंदी शब्द यांना कधी लागलाच नव्हता. मी सांगणार होते, पण हेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, कान लाल झालेले, "पाळी, मॅडम. महीने का जो होता है."

मॅडम हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी सगळं समजावलं. गोळी चालू आहे तोवर पाळी येणार नाही. पुढे वयाप्रमाणे बंद झाली की बहुतेकींचा त्रास उतरतो, पण तोवर तपासणी सोडायची नाही. यांनी ऐकून घेतलं. मग जेवणाचं विचारलं, मग गोळीनं मन खाली जातं त्याचं, मग पुढची सोनोग्राफी केव्हा.

मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.