केसांतला कापूस

जामनेर-जळगाव बसमध्ये रोज माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर बसायचे. मांडीवर प्रुफं, हातात लाल पेन आणि वाचता वाचता सदऱ्याची बाही झटकायची सवय. नाव मी कधी विचारलं नाही, नाना म्हणायचो.

आमच्या आमदारसाहेबांची पुस्तकं मी शिकवतो त्या शाळेत गठ्ठ्यानं येतात. कविता, युरोपचा प्रवास, केळीची लागवड, मुलांसाठी संस्कारकथा, आईच्या आठवणींचं एक पुस्तकसुद्धा. विधानसभेत दोन वाक्यं धड न बोलणारा माणूस एवढं लिहितो कधी, याचा मला राग यायचा. एकदा नानांच्या प्रुफांवर साहेबांचा फोटो दिसला. विचारलं, तर म्हणाले, "फोटो त्यांचा. बाकी बठ्ठं माझं."

"पण नाना, आईवरचं पुस्तक तरी साहेबांचंच असेल. ते खरं वाटतं."

त्यांनी बाही झटकली. "साहेबांची आई सराफाच्या घरातली. उन्हात कधी गेली नाही. ती माझी आई शे, भाऊ."

त्या पुस्तकातली आई शेतातून तशीच, केसांत कापूस घेऊन शाळेत डबा द्यायला येते आणि मुलगा सोबत्यांना सांगतो, "आमच्याकडे कामाला आहे ती." प्रकाशनाच्या दिवशी साहेबांनी हेच पान वाचून डोळे पुसले होते. पेपरात फोटो आला होता.

"तुम्ही होतात तिथे?"

"मागच्या रांगेत. टाळ्याही वाजवल्या." नाना खिडकीबाहेर बघत राहिले. "आई गेली, तिची माफी मागायची राहून गेली. शेवटी लिहून मागितली, तर तीही साहेबांच्या नावावर झाली."